टॅब्लूट

उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी (जुने नाव लॅप) लोकांचा, दोघांनी खेळावयाचा एक बैठा पटखेळ. शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या राजाने निसटावयाचे आणि शत्रूने त्याला कोंडून पकडावयाचे, ही त्यामागील कल्पना होय. खेळात फासे नसतात. दोन्ही पक्षांचे संख्याबळ व उद्दिष्ट भिन्न असते. या बाबतीत आपल्याकडील वाघबकरीशी त्याचे साम्य आहे. मात्र वाघ उडी मारून बकरी मारतो, तशी उडी येथे नाही.

पट ९ × ९ म्हणजे ८१ घरांचा असतो. मधल्या घरास ‘कोनाकिस’ (राजदुर्ग) म्हणतात. तेथे राजा असतो व त्याच्या चारही दिशांना दोन-दोन याप्रमाणे ८ रक्षक मांडतात. हे स्वीडिश. पटाच्या प्रत्येक कडेच्या मध्यभागी तीन व त्यांच्यापुढे एक, अशा एकूण १६ सोंगट्या आक्रमकांच्या; हे मस्कोव्हाइट म्हणजे रशियन. स्वीडन व रशिया यांच्यातील दीर्घ युद्ध १७२१ मध्ये संपले होते, हे ध्यानात घेता ही नावे सूचक वाटतात. सर्व सोंगट्या बुद्धिबळातील हत्तीप्रमाणे सरळ रेषेत, मोकळी असतील तितकी घरे चालतात. दोन शत्रूंच्या मध्ये सापडलेली सोंगटी मरते. राजा पटाच्या कडेला पोहोचला की त्याचा पक्ष जिंकतो. कडेपर्यंतची एक वाट मोकळी होताच ‘राइची’ आणि दोन वाटा मोकळ्या होताच ‘तुइचू’ असे पुकारावयाचे असते. पहिला इशारा प्रतिपक्षाला वाट अडविण्याची संधी देतो. दुसऱ्यानंतर सहसा काही उरत नाही. प्रत्येक चालीला प्रतिपक्षाचा बेत बिघडत असल्याने डाव रेंगाळत नाही.

मध्ययुगात नॉर्स लोकांत ‘हनेफटाफ्ल’ नावाचा खेळ लोकप्रिय होता व आयर्लंड, वेल्स येथेही त्याचे प्रकार प्रचलित होते. आयर्लंडमधील बॅलिंडेरी येथे १९३२ मध्ये ७ × ७ छिद्रांचा एक लाकडी पट सापडला. पुढे बुद्धिबळाच्या प्रसारामुळे हे खेळ मागे पडले. त्यांचे पट व सोंगट्या उत्खननांत मिळतात, सागा-वाङ्मयात उल्लेखही येतात. परंतु खेळावयाचे कसे, हे त्यांवरून नीटसे कळत नाही. म्हणूनच टॅब्लूटच्या नोंदीला महत्त्व आहे.

ही नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांची. १७३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, लॅपलँडच्या प्रवासात त्यांनी हा खेळ पाहिला आणि दैनंदिनीत पटाच्या आकृतीसह त्याचे नियम लॅटिनमध्ये मोजक्या शब्दांत टिपून ठेवले. ही दैनंदिनी प्रथम १८११ मध्ये इंग्रजी भाषांतररूपाने, जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. त्या भाषांतरात एका नियमाचा अर्थ उलटा झाला. दोन शत्रूंमध्ये सापडलेली सोंगटी मरते, ‘राजादेखील’, असे मुळात आहे. त्याऐवजी राजा या नियमाला अपवाद ठरला. राजा दुर्गात असेल तर चारही बाजूंनी आणि दुर्गाला लागून असेल तर उरलेल्या तीन बाजूंनी त्याला घेरावे लागते. ही सवलत एवढ्यापुरतीच होती. ती चुकीने सर्व पटाला लागू झाली. खेळांचे इतिहासकार एच. जे. आर. मरी यांनी १९१३ च्या आपल्या बुद्धिबळाच्या इतिहासग्रंथात याच भाषांतराचा आधार घेतला आणि पुढील लेखकांनी मरींचा.

परिणामी मोकळ्या पटावर राजाला पकडणे फारच दुष्कर झाले. प्राचीन खेळच असमतोल होता, असा समज त्यातून रूढ झाला, तो अर्थातच अन्यायकारक होय. हा दोष घालविण्यासाठी राजाने कडेऐवजी कोपऱ्यातील घर गाठावे, त्याची चाल मर्यादित करावी, अशा दुरुस्त्या सुचविण्यात आल्या. विसाव्या शतकात ‘व्हायकिंगांचा खेळ’ म्हणून विकल्या गेलेल्या अनेक पटांचे नियम अशा तडजोडींतून तयार झालेले आहेत. एकविसाव्या शतकात मूळ लॅटिन मजकुराची नवी भाषांतरे झाली. त्यांनुसार खेळल्यास मोकळ्या पटावर आलेला राजाही दोनच शत्रूंच्या मध्ये सापडून पकडला जातो व रक्षकांना त्याची पाठराखण करीतच वाट काढावी लागते.