चाळ पायात, इंग्रजी ओठांत

दाभोळच्या खाडीत होडी हाकणारा माणूस दिवसभर इंग्रजी शब्द बोलत असतो. इंजिन, डिझेल, जेटी, सिग्नल, लायसन हे शब्द त्याला कोणी शाळेत शिकविलेले नाहीत. परंतु त्याच माणसापुढे इंग्रजीतला फॉर्म ठेवला, किंवा मुंबईत कोणी साहेबाने इंग्रजीत दोन प्रश्न विचारले, की तो मागे सरतो. शब्द येत नाहीत एवढेच त्याचे कारण नव्हे. चुकलो तर चारचौघांत हसे होईल, ही भीती त्याहून मोठी असते. प्रौढांना इंग्रजी शिकविताना पहिला अडथळा व्याकरणाचा नसून या संकोचाचा आहे, असे आम्हांस वाटते. तो दूर करण्याचे साधन आपल्या वाडीतच आहे. ते म्हणजे आपली जाखडी, फुगडी आणि झिम्मा.

प्रौढशिक्षण आणि लोककला यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. त्याआधी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाईंनी इंग्रजी विद्येचा गौरव केला होता. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डक यांच्यासारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात समाजप्रबोधनाचा आशय भरला. १९९० च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेत कलाजथे गावोगाव फिरले, तेही याच वाटेने. मग इंग्रजीसाठी ही वाट का धरू नये?

आता प्रत्यक्ष वर्ग कसा घ्यावा ते पाहू. जाखडीत गायक-वादक मध्यभागी बसतात आणि पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती गोल फेर धरतात. फेरात पुढचा बाक नसतो आणि मागचाही नसतो. म्हणून वर्गाची बैठकच फेराची ठेवावी.

पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्याला बोलायला लावू नये. शिक्षकाने ढोलकीच्या ठेक्यावर सूचना द्याव्यात : ‘कम’, ‘गो बॅक’, ‘टर्न लेफ्ट’, ‘क्लॅप’, ‘स्टॉप’. बाकीच्यांनी तसे करावे. अर्थ पायांना कळतो, मग कानांत बसतो आणि जीभ आपोआप मोकळी होते. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हीच पद्धत मांडली. आज्ञा ऐकून कृती करताना भाषा कमी ताणाने शिकता येते, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी पायरी सवाल-जवाबाची. शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा सामना आपल्या अंगवळणी पडलेला आहे. वर्गाचे तसेच दोन पक्ष करावेत. एका पक्षाने विचारावे, ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ दुसऱ्याने उत्तर द्यावे, ‘आय लिव्ह इन दाभोळ.’ मग ‘व्हॉट वर्क डू यू डू?’ असे पुढे जावे. उत्तर सगळा पक्ष मिळून देतो, त्यामुळे एकट्याची चूक उघडी पडत नाही. चार वेळा समूहात म्हटलेले वाक्य पाचव्या वेळी माणूस एकटा म्हणू शकतो. स्त्रियांच्या वर्गात हेच काम झिम्म्याच्या टाळ्या आणि फुगडीचा ताल करतील.

तिसरी गोष्ट ठेक्याची. मराठीत आपण बहुतेक प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो आणि मधले शब्द घाईने गिळले जातात. ‘बोट्स कॅच फिश’ या वाक्याला तीन ठोके आहेत. ‘द बोट्स विल कॅच द फिश’ हे वाक्य लांब असूनही ठोके तीनच. ढोलकीवर हे दोन मिनिटांत समजते. फळ्यावर समजायला वेळ लागतो. न्यूयॉर्कमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणाऱ्या कॅरोलिन ग्रॅहॅम यांनी जॅझ संगीताच्या ठेक्यावर अशीच संवादगीते रचली आणि १९७८ साली ती पुस्तकरूपाने आली. त्यांच्याजवळ जॅझ होते, आपल्याजवळ ढोलकी आहे.

चौथी पायरी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. आपला नाच पाहुण्याला इंग्रजीत समजावून सांगणे. ‘वी टाय बेल्स ऑन अवर फीट. वी डान्स इन अ सर्कल.’ येथे शिकणारा अडाणी राहत नाही. ऐकणाऱ्याला जे ठाऊक नाही ते तो सांगत असतो. इतके दिवस इंग्रजीपुढे झुकलेली मान येथे वर होते.

दोन सावधगिरीच्या सूचना. पारंपरिक जाखडीतील पुष्कळ गाणी देवदेवतांची आहेत. ज्यांना ती म्हणावयाची नसतील त्यांनी फेर आणि ठेका घ्यावा, शब्द आपल्या जीवनातले घालावेत. जलसाकारांनीही तमाशाचा बाज घेऊन आशय आपला ठेवला होता. दुसरे असे की, केवळ नाचून फॉर्म भरता येत नाही. वर्गाची शेवटची वीस मिनिटे त्या दिवशी म्हटलेली वाक्ये वाचण्यास व लिहिण्यास द्यावीतच. आपले नाव, पत्ता आणि जन्मतारीख इंग्रजीत लिहिता येणे ही पहिली परीक्षा समजावी.

विद्यार्थी मित्रांनो, समाजमंदिरात आठवड्यातून दोन संध्याकाळी असा वर्ग भरविणे कठीण नाही. ढोलकी आहे, फेर धरणारे पाय आहेत. उणीव आहे ती तुमची. गुरुजी म्हणून उभे राहू नका, फेरात सामील व्हा. वडील माणूस चुकला तर हसू नका आणि प्रत्येक शब्दाला अडवूही नका. ज्यांनी स्वतः अंगठा उठवून तुम्हांला शाळेत धाडले, त्यांना इंग्रजीतली सही शिकविण्याची पाळी आता तुमची आहे.