आठवणींचे घर एकच नसते

अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेतील २७ वर्षांच्या हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेना. नुकतीच भेटलेली व्यक्ती ते विसरत. बालपण मात्र आठवे.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात बसला, तरी आपण हे आधी केले आहे, हे त्यांना आठवेना!

म्हणजे हिप्पोकॅम्पस अनुभवाचे धागे जुळवतो, पुढे आठवणी मेंदूच्या बाह्य थरात मुरतात. हाताची कौशल्ये मात्र स्ट्रायटम हा मेंदूचा आतला भाग आणि लहान मेंदू सांभाळतात. २००८ मध्ये वारलेल्या मोलेसन यांचे स्मृतिविज्ञानावर मोठे ऋण आहे.