पायांपुरती उरलेली बाई

नव्वदच्या दशकात शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आम्ही ‘टॉम अँड जेरी’पुढे बसायचो. त्या घरातली बाई कधी पुरती दिसायचीच नाही. सपाता, मोजे, ॲप्रनची कड आणि हातात झाडू. तिचा चेहरा का दाखवत नाहीत, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही. खूप वर्षांनी तिची हकिकत वाचली आणि आपण इतकं हसत होतो ते कशाला, हा प्रश्न मनात रुतून बसला.

1940च्या ‘पस गेट्स द बूट’ या पहिल्याच लघुपटात ही कृष्णवर्णीय बाई आहे. बोक्याचं नाव तेव्हा जास्पर. आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर काढीन, असा दम ती त्याला भरते आणि उंदीर नेमकं तेच हेरतो. आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. तिच्या समाजाच्या बोलीची टवाळी संवादांतच होती. त्यातला ठसका आणि घरावरची हुकमत रँडॉल्फची. श्रेयनामावलीत मात्र तिचं नाव नव्हतं. 1952 नंतर त्या बाईचं पात्र बंद झालं.

साठच्या दशकात हे लघुपट टीव्हीवर आणताना एमजीएमने काही ठिकाणी तिच्या जागी नवी चित्रं काढून एक गोरी, आयरिश धाटणीत बोलणारी बाई बसवली. अपमानाची दुरुस्ती म्हणून अपमान झालेल्या बाईलाच घराबाहेर काढलं! डिस्नेनेही तेच केलं. ‘फँटेशिया’मध्ये अर्धी बाई, अर्धी घोडी अशा एका गोऱ्या सुंदरीचे खूर घासणारी सनफ्लॉवर नावाची एक सावळी पोर होती. 1969च्या पुनःप्रदर्शनात ती कापली गेली. चित्रपट चालत राहिला, कमाईही चालू राहिली.

1968मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने अशाच वर्णद्वेषी चित्रणांमुळे वॉर्नरचे 11 जुने लघुपट टीव्हीच्या वाटपातून काढून घेतले. त्यांत बॉब क्लॅम्पेटचा 1943चा ‘कोल ब्लॅक अँड दे सेबेन ड्वार्फ्स’ही होता. जॅझच्या ठेक्यावर धावणारं विलक्षण ॲनिमेशन, कृष्णवर्णीय कलावंतांचे आवाज, आणि पडद्यावर जाड ओठांची तीच विद्रूप तोंडं. हे दोन्ही एकाच फिल्मवर आहे, एक ठेवून दुसरं काढता येत नाही.

2005च्या वॉर्नरच्या ‘लूनी ट्यून्स’च्या डीव्हीडी संचात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्गने सुरुवातीलाच प्रेक्षकांशी बोलून यातली चित्रणं चुकीची होती आणि आहेत, असं सांगितलं. 2010मध्ये त्या 11पैकी 8 लघुपट हॉलिवूडच्या एका महोत्सवात दाखवले गेले. मला हीच रीत पटते. उलट 2013मध्ये ‘टॉम अँड जेरी’च्या संपूर्ण म्हणवल्या जाणाऱ्या संचातून ‘माउस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ वगळायचं ठरलं, चाहते खवळले आणि तो खंडच अडकला. ‘माउस क्लीनिंग’च्या शेवटी कोळशाने माखलेला टॉम कृष्णवर्णीय गड्यासारखा रेंगाळत बोलतो. मी तो प्रसंग अलीकडे पुन्हा पाहिला. अंगावर काटा आला. लहानपणी याच जागी मी हसलो असतो, म्हणूनच तो मोठ्यांनी बघायला हवा असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, ज्यांच्या आजोबा-पणजोबांची अशी टिंगल झाली त्यांना पुन्हा का दुखवायचं? हा प्रश्न खरा आहे. म्हणून हे लघुपट मुलांच्या दुपारच्या कार्यक्रमात नकोत. पण कपाटात कुलूप लावल्याने जखम भरत नाही, फक्त स्टुडिओचा हात दिसेनासा होतो. डिस्नेच्या ‘साँग ऑफ द साउथ’साठी 1948मध्ये मानद ऑस्कर मिळवणारे जेम्स बास्केट वर्णभेदामुळे त्या चित्रपटाच्या अटलांटातल्या पहिल्या खेळालाही जाऊ शकले नव्हते. 1986 नंतर तो चित्रपट अमेरिकेतल्या थिएटरांत आला नाही, आणि तिथे घरी पाहण्यासाठी तर तो कधीच निघाला नाही. बास्केटचं कामही त्याच्याबरोबर झाकलं गेलं.

स्टुडिओंनी हे सगळं बाहेर काढावं. न कापता, न रंगवता, मोठ्यांसाठी, आणि कुणी, कधी, कुणाची टिंगल केली हे स्पष्ट सांगून. आणि ‘टॉम अँड जेरी’च्या त्या प्रतींवर सुरुवातीलाच लिलियन रँडॉल्फचं नाव घालावं.