शिमल्याला बर्फ, निफाडला शेकोटी



पौषातली रात्र आहे. जेवणं उरकली आहेत आणि रेडिओवर बातम्या चालू आहेत. हिमाचल प्रदेश आणि काश्मीरमध्ये जोरदार बर्फवृष्टी झाली, एवढं कानावर पडलं की गावातली जाणती माणसं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतात आणि म्हणतात, “आता दोन दिवसांत आपल्याकडं गारठा आलाच म्हणून समजा.”

हे बोलणं खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. कधी तिकडं बर्फ पडतो आणि आपल्याकडं आभाळ भरून राहतं, रात्र उबदार जाते. कधी तिकडं बर्फाचं नावही नसतं आणि इकडं पहाटे अंगात कापरं भरतं. ज्याच्या बागेत द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागलं आहे, त्याला हा फरक कळला पाहिजे. शेकोटीचं जळण, माणसांचं जागरण, विहिरीचं पाणी आणि मोटारीची वीज, सगळं मोजकंच असतं. बर्फाच्या प्रत्येक बातमीला रात्रभर जागत बसलात, तर खरी थंडी येईल त्या दिवशी जळण संपलेलं असेल. म्हणून आज जरा लांबची, हिमालयाची हकिकत सांगतो.

आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. हिमालयाचा हिवाळी पाऊस आणि बर्फ मात्र पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूला हवेच्या कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. उंचावरून वाहणाऱ्या पश्चिमेच्या जोरदार वाऱ्यांबरोबर ती इराण, अफगाणिस्तान ओलांडत आपल्या देशात शिरतात. वाटेत समुद्रांवरची वाफ गोळा करतात. हवामानखातं यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. हिवाळ्याच्या एका महिन्यात असे साधारण चार ते सहा विक्षोभ येऊन जातात; काही दुबळे, काही जोराचे. ही ओलसर हवा पीर पंजाल आणि धौलाधारच्या डोंगररांगांवर आपटते, वर चढते, थंड होते आणि तिच्यातलं पाणी खाली पडतं. उंचावर त्याचा बर्फ होतो, खालच्या खोऱ्यात पाऊस.

हा बर्फ आणि पाऊस यांच्यामधली सीमा नेमकी कुठं, हीच आजची मुख्य गोष्ट. शाळेत मुलांना हिमरेषा शिकवतात ती वेगळी. ती वर्षभर न वितळणाऱ्या बर्फाची. आपण बोलतोय ती आज, या घटकेला बर्फ किती खाली उतरला आहे त्या पातळीबद्दल. ती एका दिवसात हजार मीटर खालीवर होऊ शकते.

हिशेब सोपा आहे. आपण वर चढत गेलो की दर हजार मीटरला, म्हणजे सुमारे ३३०० फुटांना, हवा अंदाजे सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. समजा, कुलूच्या खोऱ्यात १२०० मीटरवर तपमान १० अंश आहे. मग साधारण २८०० मीटरवर ते शून्यावर येईल. बर्फाचं भुसभुशीत फूल शून्याच्या रेषेखाली आलं म्हणून लगेच वितळत नाही. दोनशे-तीनशे मीटर खालपर्यंत ते टिकतं. म्हणजे त्या दिवशी २५०० मीटरच्या वर बर्फ आणि त्याच्या खाली पाऊस. शिमला आहे सुमारे २२०० मीटरवर. शिमल्याचा माणूस छत्री घेऊन बाहेर पडेल, आणि तिथून जवळच असलेल्या, पण उंच जागेवरच्या कुफरीला बर्फ पडेल.

आता यात दोन गमती आहेत. हवा कोरडी असेल तर बर्फ हिशेबापेक्षा खाली उतरतो. माठातलं पाणी कशानं गार होतं? बाहेर पाझरलेलं पाणी सुकताना माठातली उष्णता घेऊन जातं म्हणून. तसंच, कोरड्या हवेतून पडणाऱ्या बर्फातला काही भाग उडून जातो आणि आसपासची हवा गार करत जातो. दुसरं म्हणजे, बर्फ जोरात पडत राहिला तर त्याच्या वितळण्यानंच खालची हवा थंड होते, आणि पावसाचा तासाभरात बर्फ होतो. अरुंद खोऱ्यात हे जास्त घडतं. म्हणून दोन शेजारच्या गावांत एकीकडं कौलं पांढरी आणि एकीकडं नुसता चिखल असं दिसतं. तिथल्या सफरचंदवाल्यांचं लक्ष या पातळीकडं आपल्यापेक्षा जास्त असतं. सफरचंदाच्या जुन्या डेलिशस जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी हजार-बाराशे तास मिळावी लागते, तेव्हा कुठं वसंतात फूल नीट येतं. बर्फाला ते लोक सफरचंदाचं पांढरं खत म्हणतात. आपण ज्या बातमीनं धास्तावतो, ती ऐकून ते पेढे वाटत असतील!

आता ही पातळी बातमीतून कशी ओळखायची? गावांच्या नावांवरून. रोहतांगची खिंड ३९७८ मीटरवर आहे. तिथं हिवाळ्यात बर्फ पडला यात विशेष काही नाही, तेवढ्यावरून इकडं काही ठरवू नका. काश्मीरचं गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर, म्हणजे तिथंही बर्फ नेहमीचाच. शिमला आणि मनाली २००० ते २२०० मीटरच्या दरम्यान आहेत. ही दोन नावं ऐकलीत की कान टवकारा. आणि धर्मशाळेसारख्या दीड हजार मीटरच्या आसपासच्या गावात बर्फ पडला, तर थंड हवा फार खालपर्यंत उतरली आहे असं समजा. दीड हजार मीटर म्हणजे केवढं? आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. त्याच्या माथ्याच्याही खाली! श्रीनगरही कळसूबाईपेक्षा थोडं खालीच आहे, पण ते एका मोठ्या खोलगट खोऱ्यात बसलेलं. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथं ‘चिल्लई कलां’ हा कडक थंडीचा काळ मानतात. खोऱ्यात साचलेल्या थंडीमुळं तिथं बर्फ पडतो, म्हणून आपल्यासाठी श्रीनगरपेक्षा शिमल्याची बातमी जास्त उपयोगाची.

एक विक्षोभ येऊन जातो तेव्हा काय काय होतं ते क्रमानं बघा. तो येण्याआधी वारा दक्षिणेकडून सुटतो, ढग येतात, आणि तिकडंही हवा थोडी उबदार होते. त्या वेळी बर्फाची पातळी वर असते. आपल्याकडंही याच वेळी रात्रीचा पारा चढतो आणि लोक म्हणतात, थंडी गेली. घाई करू नका. मग विक्षोभ डोंगरावर येतो, पाऊस-बर्फ सुरू होतो. तो पुढं पूर्वेकडं सरकला की त्याच्या पाठीमागं उत्तरेची थंड, कोरडी हवा घुसते. बर्फाची पातळी झरझर खाली येते. आणि हीच हवा, ढग पांगल्यावर, पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेशावरून खानदेशात आणि नाशिककडं उतरते. तिला इथं यायला बहुधा दोन ते तीन दिवस लागतात. पुढं नगर, पुणे, मराठवाडा.

इथंच एक गैरसमज काढून टाकू. आपण म्हणतो, बर्फावरून वारा आला म्हणून थंडी पडली. बर्फानं हवा गारठते हे थोडं खरं, पण मुख्य कारण ते नव्हे. बर्फ आणि आपली थंडी ही एकाच विक्षोभाची दोन लेकरं. बर्फ आधी पोचतो आणि बातमी देतो एवढंच. जानेवारी २०२४ चं उदाहरण घ्या. विक्षोभ दुबळे होते, गुलमर्गचे उतार महिन्याच्या मध्यापर्यंत जवळजवळ कोरडे राहिले, पर्यटक हात हलवत परतले. पण त्याच दिवसांत पंजाब, दिल्लीकडं दाट धुकं धरलं होतं आणि दिवसासुद्धा माणसं कुडकुडत होती. डोंगरावर बर्फ नाही, तरी खाली गारठा. म्हणून नुसता बर्फ ऐकून थांबू नका, त्याच्यामागं वारा कुठला आहे ते विचारा.

तुमच्या शेतात उभं राहून ते कळतं. वारा उत्तरेचा किंवा वायव्येचा झाला, आभाळ निळंभोर झालं, हवा कोरडी होऊन ओठ फुटायला लागले, आणि संध्याकाळी वारा पडला, की ती रात्र जागायची. वारा पूर्वेचा असेल तर बंगालच्या उपसागरावरची ओल घेऊन येतो. ढग राहतात आणि थंडी अडते. ढग हे रात्रीचं पांघरूण आहे. जमिनीतून निघालेली उष्णता ते परत खाली पाठवतात. पांघरूण काढलं की जमीन उघडी पडते, सगळी ऊब आकाशात जाते आणि सूर्य उगवण्याच्या सुमाराला पारा सर्वात खाली असतो.

थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगट जागी साचते. निफाडची थंडी राज्यात गाजते त्याला गोदाकाठचा सखल भागही कारण आहे. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात तिथं पारा २ अंशांच्या आसपास उतरला आणि बागांमध्ये दव गोठलं. तुमच्या एकाच गटात वरच्या बांधाला आणि खालच्या ओघळीला दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. हवामानखात्याचा नियम असा, की सपाटीवर किमान तपमान १० अंश किंवा कमी असून नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून खाली गेलं, किंवा सरळ ४ अंशांवर आलं, तर थंडीची लाट. पण रेडिओवर सांगितलेला आकडा वेधशाळेतला असतो, तुमच्या ओघळीतला नव्हे.

आता कामाचं बोलू. गव्हाला थंडी मानवते, फुटवे चांगले होतात; त्याची काळजी नको. हरभऱ्याला थंडी हवी, पण फुलात असताना कडाका लांबला तर फूल गळतं. केळीची वाढ खुंटते, म्हणून खानदेशातल्या बंधूंनी उत्तरेच्या बाजूचं शेवरीचं किंवा गवताचं कुंपण आधीच दाट करून घ्यावं. खरा जीव टांगणीला लागतो तो द्राक्षवाल्यांचा. मणी फुगत असताना थंडी पडली तर फुगवण थांबते. पाणी उतरताना दिवसाची ऊब आणि रात्रीची थंडी यांत फार अंतर पडलं तर मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीचा माल हातचा जातो. घडांना कागद गुंडाळायचा असेल तर तो पाणी उतरण्याच्या आधी. थंडी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

थंडीच्या तोंडावर बागेतली जमीन कुळवून भुसभुशीत करू नका. ओली, बसलेली जमीन दिवसा ऊब साठवते आणि रात्री सोडते. भुसभुशीत आणि कोरडी जमीन ती धरत नाही. विहिरीचं, बोअरचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं. ते थोडं थोडं रात्री उशिरा द्यावं. पण घड पिकत आले असतील तर हात आखडता घ्या; एकदम पाणी दिलं की मणी तडकतात.

शेकोटीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण जळण सर्वात जास्त इथंच वाया जातं. धूर ढगासारखं पांघरूण घालतो असं आपण समजतो. पण जमिनीची ऊब धूर फारशी अडवत नाही. काम करते ती उष्णता आणि हवेची हालचाल. एकच मोठी होळी पेटवली तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. म्हणून लहान लहान शेकोट्या जास्त कराव्यात, सखल कडेला दाट कराव्यात, आणि त्या संध्याकाळी नव्हे, तर पहाटे तीन-चारला पेटवून सूर्य वर येईपर्यंत धुमसत ठेवाव्यात. टायर जाळू नका. त्याची काजळी घडावर बसते. गोठ्याला उत्तरेच्या बाजूनं गोणपाट लावा, वासरांखाली कोरडा पेंढा टाका.

कधी कधी विक्षोभाची शेपटी फार दक्षिणेपर्यंत येते आणि समुद्रावरच्या ओलसर वाऱ्यांशी गाठ पडते. मग थंडीच्या आधी गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आपल्या राज्यात कोण विसरेल? म्हणून हिवाळ्याच्या शेवटी विक्षोभ आणि ढग दोन्ही एकदम ऐकलेत, तर काढलेला गहू, हरभरा उघड्यावर ठेवू नका.

एक साधा तपमापक घ्या. शेताच्या सर्वात सखल जागी, सावलीत, चार फूट उंचीवर टांगा. सूर्य उगवायच्या आधी आकडा बघा आणि मुलांच्या जुन्या वहीत लिहा. शेजारी लिहा, आदल्या दोन-तीन दिवसांत रेडिओवर कुठल्या गावी बर्फ पडल्याचं ऐकलं आणि संध्याकाळी वारा कुठला होता. दोन हिवाळ्यांत तुमच्या ओघळीचा हिशेब तुम्हालाच सांगता येईल. आणि वारा फिरून पुन्हा ढग दिसले की शेकोट्या विझवा आणि द्राक्षाची पानं उलटून बघा, कारण त्या ढगाळ हवेत भुरी डोकं वर काढते.