कॅफे टाकताय? आधी ग्राइंडर बघा

हजरत बाबा बुदन यांनी यमनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया चिकमगळूरच्या डोंगरावर आणल्या, असं सांगतात. आता आमच्या कन्हेरीतली पोरं बारामतीत छोटा कॅफे टाकायचं म्हणतात. बचतीचा सगळा पैसा चकचकीत मशीनला, अन् बिया दळायला घरचा मिक्सर! तिथंच फसतं.

मिक्सरचं पातं बिया फोडतं. थोडं पीठ, थोडी कणी. मग एस्प्रेसोचं पाणी वाट मिळेल तिथून निसटतं आणि कॉफी एकाच वेळी आंबट नि कडू लागते. त्यामुळे जात्यासारख्या दोन दातेरी चकत्यांचा, म्हणजे ‘बर’वाला ग्राइंडर हवा. मशीन थोडं साधं घेतलं तरी चालेल, असं आमचं मत.

18 ग्रॅम पुडीतून 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम कॉफी उतरावी. लवकर उतरली तर बारीक दळा, थेंबथेंब आली तर जाडसर. चकत्यांमधलं अंतर केसभर बदलता येतं का, हे दुकानातच फिरवून बघा.

घरी दोन कपांसाठी एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा हाताचा ग्राइंडरही पुरतो. कॅफेला 60 मिलिमीटरच्या आसपास चकत्या आणि गर्दीत न तापणारी मोटर लागते. जुना घेत असाल तर चकत्या उघडून धार तपासा, नव्या कुठं मिळतील तेही आधीच विचारून ठेवा.