सुख नको, की सुखाची गुलामी नको?

नाताळ जवळ आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या अनेक खिडक्यांत कागदी चांदण्या लागतात आणि शेजारच्या घरी केकची ताटली जाते. त्या ताटलीआधीचे उपवास मात्र शेजाऱ्यांना सहसा ठाऊक नसतात. म्हणूनच काही समजुती पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत.

गैरसमज : ख्रिस्ती झाले की खाण्यापिण्याला मोकळीक.

वस्तुस्थिती : दारुडेपणा आणि खादाडपणा ही ख्रिस्ती शिकवणीत पापे आहेत. रोमन कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार (ईस्टरपूर्व उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन्ही दिवशी 18 ते 59 वयाच्या व्यक्तीने एकदाच पोटभर जेवायचे असते. चौदा वर्षांपुढच्या सर्वांना त्या दिवशी मांस वर्ज्य. कल्याण 1988 पासून सिरो-मलबार या केरळी कॅथलिक परंपरेच्या धर्मप्रांताचे केंद्र आहे. या परंपरेत ईस्टरपूर्वी 50 आणि नाताळापूर्वी 25 दिवसांचे व्रत असते.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी शाकाहार सोडला नाही.

गैरसमज : मग हा धर्म आनंदाचा वैरी असला पाहिजे.

वस्तुस्थिती : बायबलनुसार येशूचा पहिला चमत्कार काना गावच्या लग्नघरात घडला. तिथे द्राक्षारस संपला होता आणि त्याने पाण्याचा द्राक्षारस केला. विवाह आणि अन्न निषिद्ध ठरवणाऱ्यांना तर संत पौलाच्या नावाच्या पत्रात स्पष्ट विरोध आहे. देवाने दिलेले आभार मानून घ्यावे, असे तिथे सांगितले आहे.

ठाणे परिसरातल्या ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजाचा आगेरा हा सण याच भावनेतून आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणतात, त्यांना आशीर्वाद मिळतो, मग गाणी आणि जेवण. पीक हाती आले, तर त्याचे पहिले श्रेय देवाला. चव घ्यायची नाही, असे कोणी म्हणत नाही.

गैरसमज : माणूस ख्रिस्ती होतो तो पैशासाठी.

वस्तुस्थिती : बालपणी कल्याणच्या शाळेत शिकलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक याला ठळक उत्तर आहेत. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे 1900 मध्ये त्यांनीही ही श्रद्धा स्वीकारली. तो काळ किती खडतर होता, हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली.

पण हे सोडणे सुतकी चेहऱ्याचे नव्हते. फुलांमुलांवर जीव टाकणारा हा कवी शेवटपर्यंत कवीच राहिला. अभंगाची चालही त्यांनी टाकली नाही, त्याच चालीत ख्रिस्ताची भजने रचली. पगाराची, प्रतिष्ठेची ओढ सुटली. फुलाकडे पाहण्याचा आनंद तसाच राहिला.

श्रद्धेने होणारा बदल तो हाच. सुख वाईट ठरत नाही, ते पहिल्या जागेवरून खाली उतरते. उपवासात वाचलेले पैसे गरजूंना देण्याची शिकवण आहे, तीही त्यासाठीच. सगळ्यांनाच हे साधते असे नाही. ख्रिस्ती घरांतही व्यसने आहेत, हाव आहे. परंतु ती शिकवणीमुळे नाहीत, शिकवण न पाळल्यामुळे आहेत.

यंदा शेजारून केक आला, तर त्याआधी घरात काय वर्ज्य होते, तेही आवर्जून विचारा.