मोहने गांवाची उंची व अंकांचा क्रम

शुहूर सन वाचतांना ‘इहिदे सबैन मया व अलफ’ ह्यांत एकं आधीं व सहस्र शेवटीं येतें, म्हणजे सन ११७१ (इ. स. १७७०-७१). क्रम उलटा असूनहि घोटाळा होत नाहीं. कारण ‘मया’ हा शब्द आपलें स्थान स्वतःच सांगतो. भूतसंख्येंत ती सोय नाहीं. तेथें अंक उजवीकडून डावीकडे मांडण्याचा संकेत आधींच ठाऊक असावा लागतो. भूमीच्या उंचीचे जे अंकसंच आज इतिहाससंशोधनास उपयोगी पडतात, ते ह्या दुसऱ्या जातीचे होत.

फेब्रुवारी २००० मध्यें अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ यानानें रडारच्या साह्यानें पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. त्या मापनाच्या तीन विकलांच्या आवृत्तींत अक्षांश १९ ते २० व रेखांश ७३ ते ७४ ह्या चौकोनाच्या १२०१ ओळी असून प्रत्येक ओळींत १२०१ अंक आहेत. पहिली ओळ उत्तरेची; ओळींतील अंक पश्चिमेकडून पूर्वेकडे. परंतु हें त्या फाइलींत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. नुसते अंक एकापुढें एक आहेत.

उल्हास नदीच्या कांठचें, कल्याणनजीकचें मोहने सुमारें १९ अंश १६ कला उत्तर व ७३ अंश १० कला पूर्व येथें आहे. शून्यापासून मोजल्यास तें ८८० व्या ओळींत, २०० व्या स्तंभांत येतें. संगणकांत घेतांना ओळ व स्तंभ ह्यांची अदलाबदल झाली, तर १९ अंश ५० कला व ७३ अंश ४४ कला येथील उंची हातीं येते; म्हणजे नदीकांठचें गांव घाटमाथ्यावर, नाशिक जिल्ह्यांत जाऊन बसतें! ओळी दक्षिणेकडून मोजल्यास तें वाड्याच्या उत्तरेस सरकतें. ओळी व स्तंभ सारखेच असल्यानें यंत्रास कांहींच खटकत नाहीं, आणि चित्रहि सुबक दिसतें.

दक्षिणेकडील आरंभ ही केवळ कल्पना नव्हे. भारतीय हवामान खात्याचा पाव अंशाचा दैनिक पर्जन्यसंच १३५ रेखांश व १२९ अक्षांश ह्यांचा असून तो ६.५ उत्तर, ६६.५ पूर्व ह्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून सुरू होतो; रेखांश आधीं बदलतो, मग अक्षांश. हे दोन संच एकाच क्रमाचे समजून एकमेकांवर ठेवल्यास पाऊस भलत्याच खोऱ्यांत पडेल.

सबब प्रत्येक संचाबरोबर चार गोष्टी नमूद असाव्या: कोणता निर्देशांक आधीं बदलतो, प्रत्येक दिशेस अंक किती, आरंभ कोणत्या कोपऱ्यांतून, व मोजणी शून्यापासून कीं एकापासून. त्यावर ओळखीच्या स्थळाची साक्ष घ्यावी. मोहन्याच्या दक्षिणेस मलंगगड उंच उभा दिसला, तरच त्या चित्रावरून नदीच्या जुन्या पात्राविषयीं अथवा गडावरून दिसणाऱ्या मुलखाविषयीं अनुमान करावें, असें आम्हांस वाटतें. तारखेवांचून पत्र जसें आम्ही प्रमाण मानीत नाहीं, तसाच क्रमावांचून अंकसंचहि मानूं नये.